ठकीची ओटी

“हात धुऊन ये, पण चांगले कोरडे करून ये. आणि ती नायलॉनची साडी बदल, सुती नेस.”

“कॉम्प्युटर उघडायचाय का पूजेला बसायचंय?” प्रभा स्वयंपाकघरातून म्हणाली.

“मंगळसूत्र पाठीवर टाक. पाटल्या काढून ठेव.”

“आणि हिरव्या बांगड्या?”

यावर मी जरा थांबलो. काढ म्हणालो असतो तर त्या दिवशीचं काम तिथंच संपलं असतं. उद्या ऑपरेशनला जायचं आणि आज हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवायच्या, हे तिच्याच्यानं झालं नसतं आणि खरं सांगायचं तर माझ्याच्यानंही सांगवलं नसतं. कोपरापर्यंत वर सार आणि रुमालानं घट्ट बांध, म्हणालो. तिनं तसं केलं. बांगड्यांचा आवाज बंद झाला, आणि मला ती घरात कुठं आहे ते कळेना.

कारण मला दिसत नाही. काचबिंदूनं माझे डोळे नेले त्याला आता खूप वर्षं झाली. त्याआधी मी गडहिंग्लजच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. डोळे गेल्यावर पहिली दोन वर्षं मी काय केलं म्हणाल तर काहीच केलं नाही. भिंतीकडं तोंड करून पडायचो. दाढी करायचो नाही, कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग घ्यायचो. प्रभा रोज सकाळी उशाशी बसून पेपर वाचून दाखवायची आणि मी साधं ‘हं’ म्हणायचो नाही. एकदा तिनं चुकून कालचाच पेपर वाचायला घेतला. मला ते पहिल्या बातमीलाच कळलं, पण तोंड उघडायचा कंटाळा, म्हणून मी गप्प पडून राहिलो आणि ती बिचारी शेवटपर्यंत वाचत राहिली.

मग माझा जुना विद्यार्थी बसवराज, बंगळूरला नोकरीला लागलेला, एका सुट्टीत येऊन माझी दशा बघून गेला आणि पुढच्या खेपेला कॉम्प्युटर घेऊनच आला. बोलणारा कॉम्प्युटर. पडद्यावर जे असेल ते बाईच्या आवाजात वाचायचा, कळ दाबली की कुठली दाबली ते सांगायचा. मराठी मात्र असं बोलायचा, की परदेशातली पाहुणी पुस्तकातनं शिकून आलीय म्हणावं. जोडाक्षर आलं की ठेच लागायची. पण बोलायची हो. मी बोटांनी टाइप करायला शिकलो, पेपर ऐकायला लागलो, दहावीच्या पोरांच्या शंकांना उत्तरं लिहून पाठवायला लागलो. आणि एक दिवस आपणहून दाढीचं सामान मागितलं, तेव्हा प्रभा मोरीत जाऊन रडली. तिला वाटलं, नळ सोडला की मला ऐकू जात नाही.

तिनंच त्या यंत्राचं नाव ठकी ठेवलं. चारचौघांत मात्र सवत म्हणायची. आमच्या घरी सवत आणून ठेवलीय बसूनं, दिवसभर ह्यांच्या कानाशी लागलेली असते, असं सांगून बायकांना हसवायची. मीही हसायचो. पण सकाळचा पेपर ठकी वाचायला लागल्यापासून त्या वेळेला स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजायची, तेही मला ऐकू यायचं.

तर ती ठकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंद पडली. कळ दाबली की सुरू व्हायची, घरघर करायची आणि बोलायच्या आतच गप. पुन्हा दाबली की पुन्हा तेच.

एरवी मी म्हणालो असतो, पडू दे बंद. पण प्रभाच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलेलं होतं. सोमवारी मिरजेच्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं. वर्षभर तिच्या अंगावरून जात होतं, रक्त कमी झालं होतं, दोन जिने चढली की धाप लागायची. पिशवीत गाठ होती, आणि ती कसली आहे ते काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाले होते. आधी दोनदा तारीख ठरली आणि दोन्ही वेळा हिनं पुढं ढकलली, एकदा माझ्या तापाचं निमित्त करून, एकदा तेही न करता. डॉक्टरीणबाईंनी आमच्या मुलीला, मृदुलाला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता आईंना आणा, नाहीतर मी जबाबदार नाही. मृदुला मिरजेतच राहते. ती आईजवळ राहणार, शेजारच्या अनसूयाबाई मला दोन वेळचा डबा देणार, असं सगळं जुळवून झालं होतं. मी बरोबर जाणार नव्हतो. परक्या दवाखान्यात आंधळा माणूस म्हणजे सोबतीला आणखी एक पेशंट.

आणि शनिवारी हिनं जाहीर केलं, “ठकी बोलायला लागल्याशिवाय मी घरातून हलणार नाही.”

मी समजावलं. रागावलो. मृदुलाला फोन लावून दिला, तिनंही आईला धारेवर धरलं. पण हिचं एकच, की त्या दोन वर्षांतलं मी बघितलंय, तुम्ही नाही. रिकाम्या घरात ह्यांना भिंतीकडं तोंड करून ठेवून मी जाणार नाही. बसवराजला फोन केला तर तो म्हणाला, सर, दिवाळीला येतो तेव्हा बघतो, तोवर कुणाला हात लावू देऊ नका. गावातला दुरुस्तीवाला दसरा करून सासुरवाडीला गेला होता आणि आठवडाभर यायचा नव्हता.

म्हणून रविवारी सकाळी मी ठरवलं, की आपणच उघडायचं. माझी बोटं आणि हिचे डोळे. मला ठकीची पोटातली रचना माहीत होती, कारण बसवराजनं ती जोडताना एकेक भाग माझ्या हातात देऊन दाखवला होता. शिक्षकाला शिकवायला मिळालं म्हणून पोरगं खूश होतं. आणि दुखणं काय असावं याचाही मला अंदाज होता. ठकी सुरू झाली की आत दोन पंखे फिरायचे, एक घोगरा आणि एक बारीक. आता घोगराच ऐकू येत होता. बारीक पंखा असतो यंत्राच्या मेंदूवर, तो थांबला की मेंदू तापतो आणि जळू नये म्हणून यंत्र स्वतःला बंद करतं. मी हे प्रभाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे ठकीला डोक्याला वारा लागत नाही, एवढंच ना.

एवढंच.

मी स्वतः भिंतीतली वायर काढली, मागची काढली, आणि सुरू करायची कळ थोडा वेळ दाबून धरली. आत उरलेली वीज निघून जाते त्यानं. प्रभा दोन पावलं मागं सरकून उभी होती. लग्नात मिक्सर आला तेव्हा तो तिनं वर्षभर माळ्यावर ठेवला होता, इतका तिला विजेचा धाक. मी तिचा हात धरून ठकीच्या पत्र्याला लावला. अंगावरची वीज यात उतरते, मधून मधून असाच हात लावायचा, म्हणालो. नायलॉनची साडी काढताना चटचट वाजते ना, तेवढीसुद्धा हिच्या पोटाला सोसत नाही.

“नाजूकच आहे की बाई,” प्रभा म्हणाली.

लाकडी टेबलावर जुने पेपर पसरून आम्ही ठकीला आडवी केली. स्क्रू कशात ठेवायचे म्हटल्यावर प्रभानं मसाल्याचा डबा रिकामा करून पुसून आणला. आतल्या वाट्यांत ती ओळीनं स्क्रू टाकत गेली. मागच्या झाकणाचे मोहरीच्या वाटीत, पंख्याचे जिऱ्याच्या. मला म्हणाली, तुम्ही नुसतं विचारा, हळदीच्या वाटीत काय आहे, मी झोपेतसुद्धा सांगीन. वायरी काढायच्या आधी तिनं लोकरीचे तुकडे आणले. वायरीला लाल तुकडा बांधला की ती जिथं बसते तिथंही लाल बांधायचा, मग पिवळा, मग हिरवा. मृदुलाच्या पोरीसाठी स्वेटर विणून उरलेली लोकर होती ती. बसवराजनं एवढं केलं नव्हतं.

झाकण सरकलं आणि प्रभा म्हणाली, “अगंबाई, केवढी धूळ.”

पदर खोचून ती ओलं फडकं आणायला निघाली, तिला मी हाताला धरून थांबवलं. पाणी नाही. फुंकर नाही, थुंकी उडते. रंगवायचा कोरडा ब्रश आण मऊसा. तिनं ब्रश आणला आणि आधी कडेकडेनं झाडायला लागली. मी हात घालून बोटांनी वाट काढत गेलो. या दोन उभ्या पट्ट्या, स्मरणाच्या. दोन्ही टोकांच्या चिमट्या बाहेर दाब, आपोआप वर येतील. कडेला धर, सोनेरी दात आहेत तिथं बोट लावू नकोस. तिनं त्या इतक्या अलगद काढल्या, की कधी निघाल्या ते मला कळलं नाही.

“आता मधोमध बघ. खाली धातूचा ठोकळा असेल, त्याला हात लावायचा नाही, तो उचलायचा नाही. त्याच्यावर पंखा आहे. चार कोपऱ्यांत स्क्रू.”

“दिसतोय.”

“बोटानं फिरव.”

काहीच आवाज आला नाही.

“प्रभा, फिरतोय का?”

“नाही.”

“काही अडकलंय का त्यात?”

“कचरा आहे,” ती म्हणाली. पण तिचा आवाज बदलला होता. डोळे गेल्यावर माणसाला दुसरं काही येवो न येवो, घरच्या माणसाचा आवाज वाचता येतो. मी म्हणालो, काढ मग कचरा, उदबत्तीच्या काडीनं काढ, पाती मोडू नकोस. तिनं काडी आणली. पंख्याचे स्क्रू जिऱ्याच्या वाटीत पडले. मग ती काडीनं टोकरायला लागली आणि जे निघेल ते शेजारच्या पितळी ताटलीत टाकायला लागली.

मी ऐकत होतो. धुळीला आवाज नसतो. हे टपटप पडत होतं.

हात लांब करून मी ताटली चाचपली. तांदूळ होते. थोडेथोडके नाहीत, आणखी पडतच होते. एक दाणा बोटांत चोळून नाकाशी नेला, तर हळदकुंकवाचा वास.

मला आधी हसू आलं. दसऱ्याला घरातल्या हत्यारांची, यंत्रांची पूजा आपल्याकडं सगळेच करतात. शिलाईमशीनला झेंडूची माळ, विळीला कुंकू, मिक्सरलासुद्धा. ठकीचीही पूजा दरवर्षी व्हायची, मीच करायला सांगायचो. वरच्या बाजूला मोठ्या भोकांची जाळी होती, तिच्यातनं अक्षता आत गेल्या असणार. म्हणालो, “अगं, अक्षता वाहायच्या म्हणजे चार दाणे. तू काय पोतं ओतलंस?”

ती खुर्चीवर बसली. खुर्ची करकरली म्हणून कळलं.

“अक्षता नाहीत त्या,” ती म्हणाली. “मी तिची ओटी भरली.”

ओटी कुणाची भरतात ते मराठी माणसाला सांगायला नको. सवाष्णीची भरतात, देवीची भरतात, सासरी निघालेल्या लेकीची भरतात. तांदूळ, नारळ, खण, सुपारी. कॉम्प्युटरची ओटी भरल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

“कशाला भरलीस?”

“उगाच.”

“प्रभा.”

मग बोलली ती माझ्याशी नव्हे, ताटलीशी बोलल्यासारखी, हळू. “मी परत नाही आले तर तुमच्याशी बोलणारं हिच्याशिवाय कोण आहे? मृदुलाला तिचा संसार आहे. म्हणून हिला खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले आणि म्हटलं, बाई, तू सवत असलीस तरी असू दे, ह्यांना तुझ्या पदरात घालते. सकाळचा पेपर तेवढा रोज वाचून दाखव.”

इतके दिवस मी धरून चाललो होतो, की हिला ऑपरेशनची भीती नाही, हिला फक्त माझी काळजी आहे. आणि ही तर घराची निरवानिरव करून बसली होती. दोनदा तारीख का ढकलली तेही तेव्हा कळलं. माझा ताप हे एक निमित्त होतं, आणि मी म्हणजे दुसरं. ही घाबरली होती, आणि ते सांगायला हिला माणूस नव्हतं.

“आणि बघा,” ती म्हणाली, “माझ्याच तांदळानं तिचा श्वास कोंडला. ओटी नको झाली तिला. परत आली माझी ओटी. मी नाही जायची, अहो. मला नाही जायचं.”

आता मी विज्ञानाचा मास्तर. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, शकुन-अपशकुन काही नसतं. तेच सांगायला तोंड उघडलं होतं. पण ते ऐकून ती आणखी आत गेली असती, एवढं मला कळत होतं. मी ताटलीतल्या दाण्यांवरून बोटं फिरवत राहिलो आणि मला मृदुलाचं लग्न झालं तो दिवस आठवला.

“मृदुला सासरी निघाली तेव्हा तू तिची ओटी भरलीस,” मी म्हणालो. “सगळे तांदूळ घेऊन गेली का ती?”

“असं कसं? चार दाणे माघारी टाकले की ताटात.”

“का टाकले?”

तिनं ताटली स्वतःकडं ओढली.

“सांग की. का टाकतात?”

“घर भरलेलं राहावं म्हणून.”

“मग ठकीनं तरी दुसरं काय केलं? ओटी घेतली आणि दाणे तुला माघारी दिले. हात नाहीत बिचारीला, म्हणून जरा उशीर झाला. हे दाणे तिनं घर भरलेलं राहावं म्हणून दिलेत. तू जा आणि ये.”

हे मी कुठनं बोललो मला माहीत नाही. माझा यावर विश्वास होता का, तर नव्हता. बोलून झालं तसा तिच्या नाकाचा आवाज झाला. तिनं पदरानं तोंड पुसलं असावं. मग म्हणाली, “मास्तर आहात खरं. नको ते बरोबर ठिकाणी लावता.”

“दाण्यांचं मग बघ. आधी पंखा कर.”

उरलेलं काम तिनं निराळ्याच हातानं केलं. काडीनं एकूण एक दाणा काढला, ठोकळ्याच्या खाचांतली हळद ब्रशानं झाडली, पंखा हातात घेऊन टिचकी मारली. तो भिर्रकन फिरला आणि माझ्या बोटाला वारा लागला. पट्ट्यांच्या खाचेतही एक दाणा निघाला. मग सगळं उलट क्रमानं. जिऱ्याच्या वाटीतले स्क्रू, पंख्याची बारीक वायर पांढऱ्या लोकरीची, ती विसरू नकोस म्हणालो तर ती म्हणाली केव्हाच लावली. पट्ट्या बसवल्या. लाल लाल जागी, पिवळी पिवळ्या जागी. झाकण आत्ता लावायचं नाही, आधी चालू करून बघू, आणि चालू असताना आत हात घालायचा नाही.

मी कोरड्या हातानं वायर लावली. तिनं देवाचं नाव घेतलं. मी कळ दाबली.

घोगरा पंखा लागला. मग, अहाहा, बारीकही लागला. मी प्रभाकडं वळणार तेवढ्यात ठकी ओरडायला लागली. टीं, टीं, टीं. थांबेचना.

“बिघडवली,” प्रभा म्हणाली. तिनं माझा दंड घट्ट धरला. “मी बिघडवली. मी म्हणत होते हात लावायला नको.”

“ओरडतेय म्हणजे जिवंत आहे,” मी म्हणालो आणि कळ दाबून धरून बंद केली, वायर पुन्हा काढली. घाबरलो मीही होतो, पण ते मास्तरानं दाखवायचं नसतं. ही ओरड कशाची असते ते बसवराजनं सांगून ठेवलं होतं. स्मरणाची पट्टी नीट बसली नाही की असं होतं. पत्र्याला हात लावून मी बोट आत नेलं आणि पट्ट्यांची टोकं चाचपली. एक पक्की होती. दुसरीची एका टोकाची चिमटी उघडी होती. प्रभानं ती दाबली होती, पण दुखेल अशा बेतानं दाबली होती.

“अंगठा ठेव इथं.” मी तिचा अंगठा पट्टीवर ठेवला आणि वर माझा ठेवला. “आता दाब.”

“मोडेल.”

“नाही मोडत. दाब जोरात.”

दोघांनी दाबलं. कट् असा आवाज आला आणि चिमटी मिटली. इतका सरळ, स्वच्छ आवाज त्या आठवड्यात मी पहिल्यांदा ऐकला.

पुन्हा वायर, पुन्हा कळ. दोन्ही पंखे. मग एकदाच, आखूड, टीं. त्यानंतर शांतता. ठकीला उठायला वेळ लागतो. एरवी मी तेवढ्यात चहा पिऊन घेतो. त्या दिवशी आम्ही दोघं टेबलापाशी उभे होतो. प्रभाच्या बांगड्या रुमालात होत्या, त्यामुळं तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“नमस्-कार सर,” ठकी म्हणाली, जोडाक्षराला ठेचकाळत. बसवराजनं तसं करून ठेवलं होतं.

“नमस्कार गं बाई, नमस्कार,” प्रभा म्हणाली आणि मटकन खाली बसली. मग हसायला लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते कळलं नाही. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. फार बरं वाटत होतं. वर ठकी उगाचच कुठल्या कुठल्या कळांची नावं सांगत होती, कारण खाली बसताना माझा हात टेबलावरच्या कळांवर पडला होता.

“बास की आता,” प्रभा तिला म्हणाली. “चल, मला बॅग भरायचीय.”

झाकण तिनंच लावलं. स्क्रू मोहरीच्या वाटीतून घेतले, एकही उरला नाही. ताटलीतले तांदूळ तिनं टाकले नाहीत. काही डब्यात गेले, थोडे रुमालाच्या गाठीत बांधून बॅगेत गेले. रुमाल सुटल्यावर बांगड्या खाली आल्या आणि त्या घरभर वाजत राहिल्या.

सोमवारी ती गेली. ऑपरेशन झालं, तपासणीत गाठ साधी निघाली, आणि मृदुलानं फोनवर ते सांगितलं तेव्हा मी ठकीसमोरच बसलो होतो. फोन ठेवल्यावर ते वाक्य मी टाइप केलं, ‘आईची गाठ साधी आहे’, आणि ठकीकडून वाचून घेतलं. मग पुन्हा वाचून घेतलं. अनसूयाबाई डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांनाही ऐकवलं. त्या म्हणाल्या, मास्तर, पुरे करा, मशीन झिजेल.

प्रभा परतली ती वाळली होती, पण आवाज तोच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठकी चालू केलीच नाही. उशाला टेकून बसलो आणि पेपर आला का म्हणून विचारलं. ती म्हणाली, सवत रुसलीय का? मी म्हणालो, तिला सुट्टी दिलीय, सकाळचा पेपर तुझा. ती खुर्ची ओढून बसली आणि वाचायला लागली. दोन बातम्या झाल्यावर मी म्हणालो, प्रभा, हा कालचा आहे. ती थांबली. मग म्हणाली, ह्या वेळेला बोललात तरी.

पुढच्या दसऱ्याला तिनं विळीला कुंकू लावलं, मिक्सरला फूल वाहिलं आणि ठकीपाशी येऊन उभी राहिली. वरच्या जाळीवर तिनं आता भरतकामाचा रुमाल शिवून घातला होता, पूजेपुरता. हळदकुंकू वाहिलं. फूल ठेवलं. मी खुर्चीत बसून ऐकत होतो. तांदळाचा आवाज काही आला नाही.

“ओटी नाही भरायची या वर्षी?” मी विचारलं.

“आता कशाला?” ती म्हणाली. “मी आहे की.”